ऑस्करचे दहा सिनेमे आणि घरची माणसं

बाळा, तुझे आईबाबा या हिवाळ्यात कोल्हापूरहून तुझ्याकडे न्यू जर्सीला आलेत आणि तू सगळ्यांना घेऊन ऑस्करचं नामांकन मिळालेले सिनेमे बघायचा बेत आखलायस, हे ऐकून मला फार आनंद झाला. एक अख्खा दिवस थिएटरात, दोन रविवार घरी, सोबत ऑफिसातले मित्र आणि तुझी दोन पिल्लं. इतकी वर्षं अमेरिकेत राहून मी हा उद्योग हौसेने करत आलेय, कधी मैत्रिणींबरोबर, कधी सासूबाईंना घेऊन. सिनेमा कुठला चांगला हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. माणसं कशी सांभाळायची तेवढं सांगते, जरा कान इकडे कर.

१. सगळ्यात आधी वेळेची बेरीज कर. २०२५ सालचे दहाही सिनेमे एकामागोमाग लावले तर जवळजवळ २५ तास होतात, त्यातला एकटा 'द ब्रूटलिस्ट' साडेतीन तासांच्या वर – 'दहाच तर आहेत' असं म्हणणाऱ्याने कागद-पेन्सिल घेतलेली नसते.

२. तू दहा बघ, पण आईबाबांसाठी त्यातले चारच निवड आणि मुलांसाठी एक किंवा दोन – सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायांनीच दिंडी पोचते.

३. नामांकनं साधारण जानेवारीत येतात आणि सोहळा फेब्रुवारीअखेरीला किंवा मार्चात. मधल्या आठवड्यांतला एखादा शनिवार-रविवार अगदी कोरा ठेव – कुणाला तरी सर्दी होणार आणि एकदा तरी रस्त्यावर बर्फ साचणार, हे मी तुला आजच लिहून देते.

४. एएमसी, रीगल यांच्या थिएटरांत सोहळ्याआधी नामांकित सिनेमे ओळीने दाखवायचा कार्यक्रम असतो. पास काढण्याआधी दोन सिनेमांमधली सुट्टी किती मिनिटांची आहे ते बघ – वीस मिनिटांत तुझे बाबा रेस्टरूमला जाऊन येतील किंवा जेवतील, दोन्ही नाही.

५. मोठ्या मॅरेथॉनची धास्ती वाटत असेल तर लघुपटांपासून सुरुवात कर. नामांकन मिळालेले लघुपट दर वर्षी तीन गटांत थिएटरांत लागतात: अभिनीत, ॲनिमेशन आणि माहितीपट. अकादमीच्या नियमाने एकेक जास्तीत जास्त ४० मिनिटांचा – एक नाही आवडला तर दुसरा लगेच येतो, कुणी कंटाळून उठत नाही.

६. पण 'ॲनिमेशन' एवढा शब्द वाचून पिल्लांना त्या गटाला नेऊ नकोस. २०२२ सालच्या गटातले काही लघुपट मोठ्यांसाठीच होते – चित्र हाताने काढलंय म्हणून गोष्ट लहान मुलांची होत नाही.

७. मोठ्या सिनेमांची वर्गवारीही आधी बघून ठेव. २०२५च्या दहांत 'विकेड' आणि 'कॉन्क्लेव्ह' पीजी होते, निम्मे मात्र आर – आर सिनेमाला सतरा वर्षांखालच्या मुलाबरोबर पालक किंवा मोठं माणूस असावंच लागतं, आणि असलं तरी न्यायचं की नाही हे आईबापांनीच ठरवायचं.

आता आईबाबांबद्दल. इथे जरा थांबून बोलते, कारण तुझी सगळी हुशारी इथेच लागणार आहे.

८. 'ॲनोरा' किंवा 'पुअर थिंग्ज'सारखा सिनेमा असेल तर त्यात उघडीवाघडी दृश्यं आहेत हे आईला आधी स्पष्ट सांग आणि यायचं की नाही ते तिच्यावर सोड – आधी विचारलं तिथे नंतर रुसवा नाही. तिच्या वतीने तू परस्पर ठरवलंस तर मात्र ती तुला माफ करणार नाही. माझी बहीण आहे, मी ओळखते तिला.

९. ती 'येते' म्हणाली तर तिच्या आणि बाबांच्या शेजारी तू बसू नकोस, सूनबाईला आणि मित्रांना मध्ये बसव – अवघड प्रसंगाला आईशेजारी मुलगा नसला की दोघंही मोकळेपणी पडद्याकडे बघतात.

१०. 'द सबस्टन्स'सारखा रक्तामांसाचा सिनेमा असेल तर तेवढ्या वेळेपुरता आईबाबांसाठी दुसरा बेत आख, ग्रंथालय किंवा जवळचा मॉल – नाव साधं दिसतं म्हणून आत बसवलं तर रात्रीचं जेवण कुणाला जाणार नाही.

११. इथल्या थिएटरात मध्यंतर नसतं, हे आईबाबांना घरातून निघतानाच सांग. 'द ब्रूटलिस्ट'मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर सिनेमातच घातलं होतं, तर त्याचंच केवढं कौतुक झालं – आपल्याकडच्या माणसाचं शरीर अर्ध्यावर वडा आणि चहा मागतं, त्याला आधी कळलेलं बरं.

१२. म्हणून वडीलधाऱ्यांना रांगेच्या कडेची खुर्ची दे आणि दार कुठल्या बाजूला आहे ते दिवे असतानाच दाखवून ठेव – अंधारात पायऱ्या चढण्यापेक्षा दहा गुडघे ओलांडणं जास्त अवघड जातं.

१३. बाबा मध्येच उठले तर दारापर्यंत त्यांच्याबरोबर जा, आणि परत आल्यावर सुटलेली गोष्ट कानात सांगत बसू नकोस. 'काही विशेष नाही झालं' एवढं पुरे – ती चार मिनिटं त्यांनी सोडलेली असतात, आता तूही सोड.

१४. साखरेची, रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची ते दिवसाच्या वेळापत्रकात सिनेमाच्या वेळेशेजारीच लिही, आणि लघवीची गोळी असेल तर तिच्या वेळेबद्दल डॉक्टरांना आधी विचार – मनाने गोळी चुकवणारी माणसं घरोघरी आहेत, तुझे बाबा त्यातले पहिले.

१५. प्रत्येक सुट्टीत सगळ्यांना लॉबीत दोन फेऱ्या मारायला लाव – तासन् तास पाय लटकवून बसलं की घोट्यांना सूज येते, आणि मग बूट चढत नाहीत.

१६. इंग्रजी बोलणं पटकन कळत नसेल तर काउंटरवर कॅप्शनचं यंत्र माग, ते फुकट मिळतं. इथल्या कायद्याने थिएटरांना ते ठेवावंच लागतं. बसल्या बसल्या ते चालू करून बघ – बॅटरी संपलेली निघाली तर जाहिराती चालू असतानाच बदलून आणता येतं.

१७. 'तुला नाही कळायचं गं' हे वाक्य घरी ठेवून जा – 'आय अॅम स्टिल हिअर' पोर्तुगीजमध्ये होता, 'पॅरासाइट' कोरियनमध्ये, आणि २०२०मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. इंग्रजीत नसलेल्या सिनेमाला ते पहिल्यांदाच मिळत होतं, म्हणजे खाली अक्षरं वाचत बघणारी तुझी आई एकटी नाही.

१८. आईला कपड्यांबद्दल जरूर विचार, गळा कसा कापलाय, कापड कुठलं असेल. भारताचं पहिलं ऑस्कर वेशभूषेचं होतं, 'गांधी'साठी, १९८३मध्ये, आणि ते भानू अथैयांनी जॉन मोलोंबरोबर घेतलं. त्या कोल्हापूरच्या – शिवणकाम कळणाऱ्या बाईला सिनेमात जे दिसतं ते तुला आणि मला दिसत नाही.

१९. बाबांना 'लगान'ची आठवण काढू दे, दर वर्षी काढली तरी. आशुतोष गोवारीकरांचा तो सिनेमा २००२ साली परभाषेच्या पाच नामांकनांत होता आणि बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ला बक्षीस गेलं – त्या हळहळीत ज्यांनी दिवस काढले, त्यांच्यासाठी ऑस्कर ही परक्यांची गोष्ट उरलेली नाही.

सिनेमांचा क्रम लावणं हेही माणसं सांभाळण्याचंच काम आहे.

२०. जड सिनेमा दिवसाच्या मध्यावर ठेव, शेवटाला नको. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' बघून लोक थेट अंथरुणावर गेले तर रात्रभर छताकडे बघत पडतात – त्यानंतर निदान जेवण आणि गप्पा हव्यात.

२१. त्या सिनेमात भिंतीपलीकडचे आवाज ऐकण्यातच सगळं आहे, म्हणून पॉपकॉर्न आधीच संपवायला सांग – एका माणसाच्या कुरकुर आवाजाने सगळ्या रांगेचा सिनेमा जातो.

२२. जेवणानंतरच्या खेळाला हसतं-खेळतं किंवा गाण्यांचं काही ठेव, 'द होल्डोव्हर्स' किंवा 'विकेड'सारखं – दुपारी अडीचला तीन तासांच्या संथ सिनेमासमोर जागं राहणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

२३. 'ड्यून: पार्ट टू', 'ओपनहायमर' यांसारखे आवाजाचे आणि पसरट दृश्यांचे सिनेमे थिएटरात बघ, 'पास्ट लाइव्हज'सारखे दोन माणसांच्या बोलण्याचे घरी – तिकिटाचे पैसे जिथे वसूल होतात तिथेच घालावेत.

२४. 'निकेल बॉइज'सारखा पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा, हलत्या कॅमेऱ्याचा सिनेमा असेल तर मागच्या रांगेत बस – ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना पुढे बसून असा सिनेमाही लागतो.

थिएटरच्या दिवशीचे बारीकसारीक नियम भराभर सांगते.

२५. प्रत्येकाला एक शाल आणि जाड मोजे. झोपलेल्याला शाल, जागलेल्याला चहा – थिएटरातला गारवा चौथ्या तासाला हाडात शिरतो.

२६. बाबा घोरायला लागले तर खांद्यावर हळूच हात ठेव, कोपर मारू नकोस. ढोसून उठवलेलं माणूस 'मी जागाच होतो' म्हणून भांडतं – आणि मग गोष्ट त्या भांडणाची होते.

२७. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, ते मोडू नकोस. पोळीभाजीचे डबे गाडीत ठेव आणि मोठ्या सुट्टीत हीटर लावून गाडीतच जेवा – भरल्या पोटी पडदा मोठा, आणि मुलांना तर हे जेवण सिनेमापेक्षा जास्त आवडतं.

२८. लोणच्याची बरणी मात्र गाडीत उघडू नकोस. मार्च संपेपर्यंत वास येतो.

२९. मोबाईल बंद करतोस तसं मनगटावरचं घड्याळही सिनेमाच्या सेटिंगला टाक – हात हलला की ते उजळतं आणि मागच्या चौघांचं लक्ष पडद्यावरून उडतं.

३०. पास आईबाबांच्या खिशात नको, दोरीने गळ्यात असू दे – प्रत्येक वेळी आत शिरताना तो दाखवावा लागतो आणि थंडीत प्रत्येकाला निदान सहा खिसे असतात.

३१. शेवटच्या खेळानंतर गाडी कोण चालवणार ते सकाळी ठरव, आणि त्या माणसाला मधला एक सिनेमा सोडून झोपू दे – दहा तास अंधारात बसलेले डोळे आणि बर्फाळ हायवे यांचं जमत नाही.

३२. तिकिटं एकाने काढली असतील तर त्याच रात्री हिशेब करून पैसे पाठवा. पैशाचा हिशेब त्याच रात्री, सिनेमाचा चार दिवसांनी – उलटं केलं की मैत्री कुरकुरते.

घरच्या रविवारांना मित्र येतील, तेव्हा स्वयंपाकघर आणि रिमोट दोन्ही तुझ्या हाती असतील. जपून.

३३. कुठला सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते आदल्या रात्री बघून ठेव आणि पासवर्ड टाकून ठेव – दहा पाहुण्यांसमोर पासवर्ड आठवत बसण्यात पहिला उत्साह मरतो.

३४. भाड्याने घेतलेला सिनेमा 'चालतोय का बघू' म्हणून शुक्रवारी सुरू करू नकोस. एकदा प्ले दाबलं की बहुतेक ठिकाणी ४८ तासांत तो संपतो – मग रविवारी रात्री पुन्हा पैसे भरावे लागतात.

३५. पॉटलकला प्रत्येक भांड्यासमोर चिठ्ठी लाव: शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, दूध आहे. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, आपल्या कुठल्या पदार्थात कूट नसतं सांग – आणि इथे शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतते. कूट सांगून वाढावं, शेवट न सांगता ठेवावा.

३६. घरी मध्यंतर कर, पण घड्याळ बघून नको, एखादा प्रसंग पुरा झाला की. कुठे थांबायचं ते तू आधी बघून ठेवलेलं असावं – डोळे पुसणाऱ्या माणसाच्या हातात चहाचा कप देऊ नये.

३७. इंग्रजी अक्षरं कायम चालू ठेव, सगळ्यांसाठी – म्हणजे ती कुणा एकासाठी लावली असं वाटत नाही, आणि कढईचा आवाज आला तरी संवाद हातचा जात नाही.

३८. ज्या मित्राने सगळी परीक्षणं वाचलेली असतात त्याला चहा करायचं काम दे. मनाने चांगला असतो तो – फक्त त्याचे हात रिकामे राहिले की तोंड सुटतं.

३९. सिनेमा संपल्यावर नावं वर सरकत असेपर्यंत कुणी निकाल द्यायचा नाही, हा नियम पक्का कर – पहिला मोठ्याने बोलला की बाकीचे आपलं मत गिळतात.

४०. मग सगळ्यात गप्प माणसाला आधी विचार, आणि 'आवडला का' असं विचारू नकोस, 'कुठला प्रसंग डोक्यात राहिला' असं विचार – आवडला-नावडला एका शब्दात संपतं, प्रसंग सांगायला लागलं की माणूस उलगडतो. माझ्या सासूबाई सिनेमाबद्दल कधी बोलायच्या नाहीत. हा प्रश्न विचारला आणि त्या पडद्यावरच्या एका स्वयंपाकघरावरून त्यांच्या माहेरच्या चुलीपर्यंत गेल्या. तुझ्या बाबांनाही विचारून बघ.

४१. सिनेमा कुणाला अजिबात आवडला नाही तर त्याला समजावायला जाऊ नकोस – तुझ्या आवडीला त्याच्या होकाराची गरज नाही.

४२. शेवटी घरातल्या घरात मतदान घ्या, पण अकादमीसारखं. एकच नाव लिहायचं नाही, पाहिलेले सगळे सिनेमे पसंतीच्या क्रमाने लिहायचे. ज्याला पहिली पसंती सगळ्यांत कमी, तो बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या पुढच्या पसंतीला जातात. असं कुणा एकाकडे निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या येईपर्यंत करायचं. नामांकनं पाचावरून दहावर गेली तेव्हापासून, म्हणजे २०१०च्या सोहळ्यापासून, सर्वोत्कृष्ट चित्रपट असाच निवडतात – यात दोन गट भांडत राहतात आणि सगळ्यांना बऱ्यापैकी आवडलेला सिनेमा जिंकतो. मुलांकडून चिठ्ठ्या मोजून घे, गणिताचा तास फुकट होतो.

४३. ज्याने चारच पाहिले त्याने चारांतच क्रम लावायचा, न पाहिलेल्याला नावं ठेवायची नाहीत. अकादमीने तर आता याहून कडक नियम केलाय: २०२६च्या सोहळ्यापासून ज्या गटात शेवटचं मत द्यायचं त्यातले सगळे सिनेमे सभासदाने पाहिलेले हवेत – मला तर वाटतं हे त्यांना फार उशिरा सुचलं.

४४. चिठ्ठ्या सोहळ्याच्या आधी गोळा कर आणि कोल्हापूरच्या मंडळींच्याही व्हॉट्सॲपवर मागव. अलीकडे सोहळा तुमच्याकडे संध्याकाळी सातला सुरू होतो, तेव्हा तिकडे सोमवारची पहाट असते. तुमची घड्याळं पुढे गेली असतील तर साडेचार, नसतील तर साडेपाच – काकांना पहाटे फोन करायचा तर नीट मोजून कर.

४५. आणि हो, घड्याळांवरून आठवलं. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी सोहळ्याचा रविवार आणि घड्याळ एक तास पुढे करायचा रविवार एकच होता. तसं असेल तर आदल्या रात्री मॅरेथॉन ठेवू नकोस – आधीच एक तास झोप गेलेली असते, वर सर्वोत्कृष्ट चित्रपट अगदी शेवटी जाहीर होतो.

४६. पिल्लांना तोवर जागवू नकोस, दुसऱ्या दिवशी शाळा आहे. कोण जिंकलं ते सकाळी दूध पिताना सांग, आणि घरच्या मतदानात कोण जिंकलं तेही सांग, आधी घरचं – त्यांनी चिठ्ठ्या मोजल्यात, त्यांना तेच महत्त्वाचं.

४७. सोमवारी डबे ज्याचे त्याला परत कर, आणि आत चमचाभर साखर तरी घाल – रिकामा डबा परत द्यायचा नसतो. फक्त ऑफिसातल्या मित्राला ती का घातली ते सांग, नाहीतर तो बिचारा 'चुकून सांडली' म्हणून डबा पुन्हा धुऊन ठेवेल.